शेवटच्या पंगतीचा आंबा

प्रश्न : मे महिन्यात आमच्या देवरुखच्या घरी लहानमोठी १७ माणसं असतात. सगळ्यांना वाढून मी आणि मोठ्या जाऊबाई पानावर बसतो, तोवर आंबे संपलेले असतात. खाण्यावरून बोलायचा संकोच वाटतो. काय करू?
– धाकटी सून

उत्तर : ताई, बोलाच. खाण्याचं काय एवढं, असं कुणी म्हणालं तरी बोला.

आमच्या राजापूरकडच्या घरी माळ्यावर अढी असायची. भाताच्या पेंढ्यात घातलेला हापूस आठ-दहा दिवसांत पिकायचा. काका रोज सकाळी अढी चाळून तयार आंबे पाण्याच्या घमेल्यात टाकत. वाटे मुलांपासून सुरू होत आणि आईपर्यंत पोचेपर्यंत घमेलं रिकामं. एका दुपारी माझा सात वर्षांचा चुलतभाऊ अर्धवट चोखलेला आंबा घेऊन स्वयंपाकघरात आला. सदऱ्याला पुसून म्हणाला, "काकू, तुझा राहिला." त्या आंब्याला सदऱ्याचा दोरा चिकटला होता. आईने तो काढला आणि तिथेच चुलीपाशी बसून आंबा खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून आजीने पहिले दोन आंबे पातेल्याखाली झाकून ठेवायला सुरुवात केली.

तेव्हा सासूबाईंना सरळ सांगा, जाऊबाईंना सोबत घेऊन: "आमचे आधी काढून ठेवूया." मोजायचं काम मुलांकडे द्या, हिशेबाला मुलं फार चोख असतात. आणि रविवारी तुम्ही दोघी पहिल्या पंगतीला बसा. वाढू देत दीर आणि भाचे.