रिफ्लेक्टर जॅकेटची सक्ती कुणावर?

प्रश्न : कामासाठी रोज रात्री सातारा रस्त्याने येतो. सगळ्या चालकांना रेडियम पट्टीचं जॅकेट सक्तीचं केलं तर अपघात कमी होतील का? (एक वाचक, धनकवडी)

उत्तर : गाडीत बसलेल्याने ते घालून काही उपयोग नाही, मागच्याला तो दिसतच नाही. धोका सुरू होतो तो दार उघडून रस्त्यावर उतरल्यावर. म्हणूनच फ्रान्समध्ये २००८ पासून जॅकेट गाडीत ठेवावं लागतं आणि बंद पडलेल्या गाडीतून उतरण्याआधी घालावं लागतं. एवढी सक्ती आपल्याकडेही असावी. चोवीस तास अंगावर घालण्याची मात्र नको. हेल्मेटसक्तीचं पुण्यात काय होतं ते सांगायला नको.

ताशी ८० किमी वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. माणूस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तरी ३३ मीटर गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५ तरी लागतात. नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या भरलेल्या ट्रकला तर कितीतरी जास्त. लो बीमवर, म्हणजे हेडलाइटच्या खालच्या झोतात, काळा शर्ट इतक्या लांबून दिसत नाही.

घेताना ‘आयएसओ २०४७१, वर्ग २’ (लांबून दिसणाऱ्या कपड्यांचं आंतरराष्ट्रीय मानक) असं लेबल आणि किमान ५० मिमी रुंद पट्टी पाहा. भडक पिवळं कापड फक्त दिवसा आणि संधिप्रकाशात काम करतं, कारण त्याला उन्हातले अतिनील किरण लागतात. रात्री उपयोग चंदेरी पट्टीचाच. ती प्रकाश आला तिकडेच परत पाठवते, म्हणून मोबाइलची टॉर्च डोळ्याशेजारी धरूनच तपासा. अंधारात पाच मीटरवरून पट्टी लख्ख उजळली नाही तर जॅकेट परत करा.

जॅकेट डिकीत ठेवू नका, ते काढायलाच रस्त्यावर उतरावं लागतं. दाराच्या खणात ठेवा. गाडी बंद पडली की हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावा, बसल्याजागी जॅकेट घाला आणि सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून कठड्यापलीकडे पाठवा. धोक्याची सूचना देणारा लाल चमकता त्रिकोण निदान ५० मीटर मागे ठेवा, द्रुतगती मार्गावर १००.

प्रश्न : दुचाकीवर जॅकेट घालतो, तरी मागचे हॉर्न मारत अगदी जवळ येतात. (एक वाचक, हडपसर)

उत्तर : पाठीवर सॅक असेल तर पट्टी झाकली जाते, पावसाळ्यात रेनकोटखाली जाते. जॅकेट दोन्हींवरून घाला, नाहीतर सॅकवर आणि हेल्मेटच्या मागे पट्टी चिकटवा. ब्रशने घासू नका, पट्टीवरचे काचेचे बारीक मणी निघतात. पट्टीला भेगा पडल्या की जॅकेट बदला, कापड कितीही चांगलं दिसो.