चाकांवरच्या घराचं कर्ज

प्रिय पोरी,

परवा तू डीलरच्या कोटेशनचा फोटो पाठवलास, तो मी मोठा करून दोनदा वाचला. चोवीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं घर, टॅक्स वगैरे सगळं धरून 55,500 डॉलर. त्यातले 5,500 तुम्ही आता भरायचे, उरलेल्या 50,000 चं कर्ज, व्याज 9 टक्के, मुदत 20 वर्षं. आणि तळाशी पेनाने गोल केलेला आकडा: महिना 450. सोबत तुझी ओळ, 'मावशी, एवढे तर आमचे महिन्याला बाहेर खाण्यात जातात.'

ती ओळ वाचून मला राहवेना, म्हणून लिहायला बसले. मी चौदा वर्षं क्रेडिट युनियनमध्ये कर्जाचे कागद केले. आपल्याकडच्या पतसंस्थेसारखीच ती, सभासदांच्या मालकीची. तीही उत्तर इंडियानात, एल्कहार्टच्या परिसरात, जिथे या देशातल्या बहुतेक आरव्ही, म्हणजे अशी चाकांवरची घरं, तयार होतात. इथे प्रत्येक गल्लीत कुणी ट्रेलरच्या भिंती उभ्या करतो, कुणी खिडक्या बसवतो, कुणी गाद्या शिवतो. त्यामुळे ही गाडी मला चांगली माहीत आहे, आणि तिच्यापायी अडकलेली माणसंही मी टेबलासमोर बसलेली पाहिली आहेत.

तुमच्या त्या 450 चा हिशोब मी करून बघितला. 20 वर्षांत तुम्ही जवळजवळ 1,08,000 डॉलर भराल. मुद्दल 50,000, व्याज 58,000. पण मला याहून जास्त काळजी वाटते ती पहिल्या तीन वर्षांची. तीन वर्षांत तुमचे 16,200 जातील आणि मुद्दल उतरेल फक्त 3,100 नं. बाकी 46,900 उभंच. हेच कर्ज 10 वर्षांचं असेल तर हप्ता 633 येतो, एकूण 76,000 जातात आणि तीन वर्षांनी 39,400 बाकी राहते. महिन्याच्या 183 डॉलरनी एवढा फरक पडतो.

आता दुसरी बाजू. ट्रेलर घरासारखा वाढत नाही. डीलरच्या आवारातून बाहेर पडला की तो जुना झाला. आम्ही टेबलावर बसून पहिल्या वर्षात पाचवा हिस्सा गेला असंच धरायचो, आणि तीन वर्षांत तिसरा. टॅक्स आणि फिया वगळून तुमच्या ट्रेलरची किंमत 51,000 च्या आसपास असेल, म्हणजे तीन वर्षांनी त्याचे 34,000 आले तरी नशीब. देणं मात्र 46,900. जवळपास 13,000 चं भगदाड. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असला की जमीन विकता येत नाही, तसंच इथे टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, कर्ज देणाऱ्याचं नाव असतं. पूर्ण रक्कम फेडल्याशिवाय ते नाव निघत नाही आणि नाव निघाल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती टायटल पडत नाही. म्हणजे गाडी विकायची तर ते 13,000 आधी तुम्हीच काढून द्यायचे.

आणि पोरी, तुम्ही दोघं एच-वन-बी व्हिसावर आहात. नोकरी गेली तर या देशात जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, दुसरी नोकरी शोधायला किंवा गाशा गुंडाळायला. त्या 60 दिवसांत फर्निचर वाटून टाकता येतं, कार विकता येते, भाड्याचं घर सोडता येतं. भगदाड पडलेला ट्रेलर विकायला नोव्हेंबरातल्या ओहायोत गिऱ्हाईक कुठून आणाल? असा दिवस तुमच्यावर येऊच नये. पण 20 वर्षांचा कागद करताना तुमच्या राहण्याची हमी किती महिन्यांची आहे, हे त्या कागदाशेजारी ठेवून बघायलाच हवं.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. 2006 साली आम्ही क्लास सी मोटरहोम घेतलं, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेलं, नवंकोरं. तुझे काका तेव्हा आरव्हीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होते. डाउन पेमेंट अगदी थोडं, मुदत लांब, कारण त्या फायनान्स ऑफिसमधल्या माणसाने आम्हालाही असाच एक गोल काढून दाखवला होता. 2008 च्या उन्हाळ्यात पेट्रोल भडकलं, शरदात बँका कोसळल्या आणि आरव्ही कोणी घेईना. काकांची शिफ्ट बंद झाली. 2009 च्या वसंतात एल्कहार्टची बेकारी 18 टक्क्यांच्या वर होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष ओबामा इथे येऊन गेले, ते एवढ्याचसाठी. आमच्या गाडीवर 52,000 देणं होतं आणि सगळ्यात चांगली ऑफर होती 34,000 ची. विकता येईना, ठेवता येईना. दोन वर्षं आम्ही त्या उभ्या गाडीचे हप्ते भरले. त्याच काळात सांगलीला आईचं ऑपरेशन झालं आणि तिकिटाचे पैसे नव्हते म्हणून मी जाऊ शकले नाही. आई मला काही बोलली नाही. पण ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही, आणि तुझ्याबाबतीत असं काही व्हावं हे मला सहन होणार नाही.

म्हणून आता काही गोष्टी नीट समजून घे.

तो 9 टक्के दर कुठून आला? डीलर स्वतः कर्ज देत नाही, तो तुमचा अर्ज बँकांकडे पाठवतो. बँक त्याला एक दर कळवते आणि त्यावर थोडा चढवून तुम्हाला सांगायची त्याला बऱ्याचदा मुभा असते. वरचा हिस्सा त्याची कमाई. यात बेकायदेशीर काही नाही, पण तुम्हाला ते ठाऊक हवं. डीलरकडे परत जायच्या आधी दोन क्रेडिट युनियनांकडून लेखी मंजुरी घे. फेडरल क्रेडिट युनियनला मुदतीआधी कर्ज फेडलं म्हणून दंड लावता येत नाही, हा मोठा फायदा आहे. बाकी कुणाकडून घेतलंस तर मुदतपूर्व फेडीचं कलम शोधून वाच. आणि तुलना करताना एपीआरची, म्हणजे खर्चासकट काढलेल्या वार्षिक दराची, कर. 1968 च्या कायद्यापासून हा आकडा दाखवायची पद्धत आहे. कर्ज मिळवायला लागणारी फी त्यात धरलेली असते, नुसत्या व्याजदरात ती दिसत नाही.

सही करताना एकामागून एक कागद पुढे येतील: वाढीव वॉरंटी, टायरचं संरक्षण, कापडाचं संरक्षण, गॅप इन्शुरन्स. 'महिन्याला फक्त बारा डॉलर' असं म्हणतील. ते बारा डॉलर 20 वर्षं व्याजासकट चालतात. यातलं गॅप काही अटींवर कामाचं आहे: गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण गेली, तर विम्याचे पैसे आणि देणं यांतला फरक ते भरतं. पण विकायला काढल्यावर जे भगदाड दिसतं, ते गॅप भरत नाही. अनेकांचा इथे गैरसमज होतो. दुसरा गैरसमज तीन दिवसांत व्यवहार मोडता येतो असा. डीलरच्या दुकानात जाऊन केलेल्या खरेदीला तो केंद्राचा नियम लागू नाही. सही झाली की झाली.

आता तुझा मुख्य मुद्दा, रिफायनान्स, म्हणजे नवं कर्ज काढून जुनं फेडणं. डीलर म्हणाला, 'आत्ता घ्या, रेट उतरले की रिफायनान्स करा.' 2022 च्या मार्चपासून 2023 च्या जुलैपर्यंत फेडने, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेने, दर जवळजवळ शून्यावरून 5.25 ते 5.50 टक्क्यांवर नेले, आणि 2024 च्या सप्टेंबरपासून ते उतरवायला सुरुवात केली, हे खरं. पण रिफायनान्स करताना नवा सावकार नुसता दर बघत नाही. त्या दिवशी गाडीची बाजारात किंमत काय, हे जे. डी. पॉवरच्या किंमतपुस्तकात बघतो. पूर्वी त्याला सगळे नाडा म्हणायचे, माझ्या तोंडी अजून तेच येतं. देणं किमतीपेक्षा खूप जास्त असेल तर तो म्हणतो, वरचे पैसे रोख आणा. म्हणजे ज्याला रिफायनान्सची सगळ्यात गरज, त्यालाच ते मिळणं कठीण. शिवाय बहुतेक ठिकाणी गाडीच्या वयाची मर्यादा असते, दहा-पंधरा वर्षांपुढे नाही, आणि फार लहान रक्कम कोणी घेत नाही.

आणि मिळालं, तरी त्यात एक फसगत आहे. माझ्यासमोर कितीतरी लोक आनंदाने तीत शिरले. समज, 50,000 चं कर्ज 9 टक्क्यांनी 15 वर्षांसाठी, हप्ता 507. तीन वर्षं झाली, बाकी 44,560, बारा वर्षं उरली. दर 7.5 वर आला. तू पुन्हा 15 वर्षांचं कर्ज केलंस. हप्ता 413! महिन्याला 94 डॉलर वाचले, घरी पेढे. पण बेरीज कर. जुन्या कर्जाचे उरलेले हप्ते 73,030 व्हायचे, नव्याचे 74,360 होतात. दर दीड टक्क्याने उतरला आणि तू 1,330 डॉलर जास्त भरलेस, कारण मागे टाकलेली तीन वर्षं तू पुन्हा अंगावर घेतलीस. तेच नवं कर्ज उरलेल्या बारा वर्षांचंच केलंस तर हप्ता 470 आणि 5,300 ची बचत. आणि 507 भरायची सवय आहेच, तर तेवढेच भरत राहिलीस तर सोळा महिने आधी मोकळी होतेस, बचत 8,000 च्या पुढे. रिफायनान्सचा अर्ज आला की मी विचारायचे, 'मुदत किती उरली आहे?' अर्ध्या लोकांना सांगता यायचं नाही.

रिफायनान्सच्या वेळी जुन्या सावकाराकडून पेऑफची, म्हणजे कर्ज पूर्ण मिटवायची, रक्कम लेखी घे, त्यात रोजचं व्याज किती चढतं ते लिहिलेलं असतं. नवे पैसे पोचून जुनं खातं शून्य झाल्याचं पत्र येईपर्यंत जुना हप्ता थांबवू नकोस. नाहीतर एक हप्ता मधल्या मध्ये राहतो आणि क्रेडिट रिपोर्टवर डाग पडतो. जुन्या कर्जाबरोबर गॅप किंवा वॉरंटी घेतली असेल तर न वापरलेल्या काळाचे पैसे अनेकदा परत मिळतात, पण मागावे लागतात.

टॅक्सचं तू विचारलंस. ज्यात झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासची सोय आहे अशी आरव्ही दुसरं घर म्हणून धरता येते आणि तिच्यावर तारण असलेल्या कर्जाचं व्याज वजा करता येतं, हे बरोबर आहे. पण तुम्ही भाड्याने राहता. तुमचं पहिल्या वर्षाचं व्याज साधारण 4,500 होईल, आणि 2025 साठी जोडप्याला सरसकट मिळणारी वजावट 31,500 आहे. त्यामुळे तुम्हाला त्यातून काही मिळणार नाही. डीलरच्या तोंडची ही बाब तुमच्या हिशोबातून काढून टाक.

वर्क फ्रॉम होम करत वर्षभर ट्रेलरमध्येच राहायचं, असंही तुमच्या मनात घोळतंय ना? मग अर्जावर खरं लिहा. कायम राहणाऱ्यांना बरेच सावकार कर्ज देत नाहीत, म्हणून लोक 'फक्त सुटीसाठी' असं लिहून मोकळे होतात. तुम्ही तसं करू नका. कर्जाच्या अर्जावरचं खोटं तुमच्या पुढच्या कागदपत्रांनाही नडू शकतं.

तुम्ही फिरू नका असं मी म्हणत नाही गं. बॅडलँड्सला पहाटे दार उघडून चहाचा कप घेऊन बाहेर बसणं काय असतं, ते मला माहीत आहे. पण आधी दोनदा भाड्याने घ्या, एकदा पावसात. मग ठरवा. घ्यायचाच ठरला तर चार-पाच वर्षं जुना बघा. 2021 मध्ये या उद्योगाने सहा लाखांवर गाड्या बाहेर पाठवल्या, तेवढ्या कधीच गेल्या नव्हत्या. 2023 मध्ये तो आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. टाळेबंदीच्या हौसेने घेतलेल्या त्या गाड्या आता बाजारात येताहेत, आणि त्यांची पहिली मोठी घट दुसऱ्याच्या खिशातून गेलेली आहे. मात्र 2021 मध्ये इथे फार घाईत काम झालं, हे मी शेजाऱ्यांकडूनच ऐकलंय. स्वतंत्र इन्स्पेक्टर लावून छताचे सांधे, खिडक्यांखालची फरशी आणि टायरची तारीख तपासून घ्या. टायर झिजलेले नसले तरी वयाने मरतात.

25,000 ते 30,000 चा ट्रेलर, त्यातले वीस टक्के रोख, उरलेलं सात वर्षांत. एवढं जमत असेल तर मला आनंदच आहे. आणि दर महिन्याला वहीत दोन आकडे लिहा, बाकी किती आणि आज विकला तर किती. हो, ओढायला गाडी कुठली? तुमची छोटी एसयूव्ही चोवीस फुटी ट्रेलर ओढणार नाही. पिकअपचा खर्च कोटेशनमध्ये मला दिसला नाही. हिवाळ्यात ट्रेलर ठेवायची जागाही विचारून ठेवा, तुमच्या सोसायटीत ड्राइव्ह-वेवर चालत नसेल.

डीलरला या शनिवारी फोन करू नकोस. सप्टेंबरात एक छोटा ट्रेलर भाड्याने घेऊन दोघं इकडे या. आमच्या गराजच्या भिंतीवर 30 अँपचा प्लग अजून आहे, काकांनी 2006 मध्ये बसवलेला. रात्री इथेच लावा, सकाळी इंडियाना ड्यून्सला जाऊ. येताना कोटेशनचा मूळ कागद घेऊन ये, मागच्या पानावरची बारीक अक्षरं फोटोत आली नाहीत.

तुझी मावशी