आकडे काढलेस, पण डेटा बघितलास का?

प्रश्न: ताई, मी लातूरला एम.एस्सी. न्यूट्रिशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी ९ शाळांमधल्या ३१२ मुलांची उंची-वजनं घेतलीत. एक्सेलमध्ये सरासरी, एसडी (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते), कोरिलेशन (उंची आणि वजन किती जोडीने बदलतात ते) सगळं काढून मॅडमकडे नेलं तर म्हणाल्या, हे नंतर, आधी डेटा एक्सप्लोअर कर. म्हणजे नेमकं काय करू? कोडिंग येत नाही, आणि सॉफ्टवेअर फुकटातलं हवं.

उत्तर: मॅडमचं बरोबर आहे गं. एक्सप्लोअर कर म्हणजे आधी ग्राफ काढून डेटा डोळ्यांनी बघ. अँस्कम नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये ११-११ बिंदूंचे चार डेटासेट छापले होते, चारही ठिकाणी एक्सची सरासरी ९, वायची ७.५, कोरिलेशन ०.८१६, आणि ग्राफ काढला तर एक साधारण सरळ रेषेत, एक चक्क कमान, आणि एकात तर एक बिंदू सोडून बाकी सगळे एकावर एक उभे! नुसत्या आकड्यांवरून यातलं काही कळलं नसतं.

तुझ्यासाठी कोडॅप (CODAP) नावाचं ग्राफ काढायचं सॉफ्टवेअर बघ. ब्राउझरमध्येच चालतं, इन्स्टॉल काही करायचं नाही, फुकट आहे. सीएसव्ही फाईल (तक्ता साध्या मजकुरात सेव्ह केलेला, एक्सेलमधून निघते) ओढून टाकायची, मग टेबलमधलं कॉलमचं नाव उचलून ग्राफच्या अक्षावर सोडायचं, झालं. पण खरी गंमत पुढे आहे, एका ग्राफवर माउसने चौकोन ओढून काही ठिपके पकडले की तीच मुलं दुसऱ्या ग्राफमध्ये आणि टेबलमध्येही उजळतात. एक्सेलचे ग्राफ एकमेकांशी असं बोलत नाहीत.

माझाच किस्सा सांगते. अशाच उंची-वजनाच्या डेटात सरासरी उंची १२२ सेंमी आली होती, दिसायला ठीकच की, म्हणून मी पुढे गेले. कोरिलेशन मात्र फारच कमी येत होतं आणि दोन दिवस मी फॉर्म्युलाच तपासत बसले. शेवटी ग्राफ काढला तर मुख्य घोळक्यापासून लांब, ५० च्या आसपास ठिपक्यांचा वेगळाच पुंजका. तो पकडला तर शेजारच्या ग्राफमध्ये फक्त एका शाळेचे ठिपके उजळले. तिथे मापं इंचात घेतली होती! ५१ इंच म्हणजे १३० सेंमी, मुलं एकदम नॉर्मल.

पण एक सांगून ठेवते, विचित्र दिसला ठिपका की उडव असं करू नकोस, आधी मूळ फॉर्म काढून बघ. आणि ग्राफ बघता बघता काही पॅटर्न सापडला आणि त्याच डेटावर टेस्ट लावून पी-व्हॅल्यू (असा पॅटर्न निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) छापलीस तर व्हायव्हात कोणीतरी पकडणारच, कारण ज्या डेटात पॅटर्न सापडला त्याच डेटावर त्याची खरी परीक्षा होत नाही.

डेटा मोठा असेल तर ऑरेंज घे, तेही फुकट, ल्युब्लियाना विद्यापीठाचं. त्यात स्क्रीनवर एकेका कामाचे डबे रेषांनी जोडत जायचं असतं, सवय व्हायला एक संध्याकाळ जाते. ३१२ ओळींना मात्र कोडॅप पुरतं. एक्सेलमधून सेव्ह करताना सीएसव्ही यूटीएफ-८ निवड, नाहीतर शाळांच्या मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतील.