फुकटचा एसएमपीएस चालेल का?

प्रश्न : लेकीसाठी घरीच पीसी असेंबल करतोय, कोडिंग आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर ठरलाय, ग्राफिक्स कार्ड नंतर बघू. दुकानदार म्हणतो १६ जीबीची एकच रॅम घ्या, आणि कॅबिनेटसोबत एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) फुकट देतो. घेऊ का? – एक वाचक, सातारा

उत्तर : दादा, फुकटचा तो एसएमपीएस अजिबात घेऊ नका! त्यावर ४५० वॉट छापलेलं असलं तरी तेवढे देईलच याची खात्री नसते, आणि तो गेला तर कधी कधी मदरबोर्डही सोबत घेऊन जातो, म्हणून चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझवाला (म्हणजे वीज कमी वाया घालवणारा), ५५० वॉटचा घ्या म्हणजे उद्या मध्यम कार्ड टाकलं तरी बदलायला नको. रॅम मात्र ८-८ च्या दोन स्टिक घ्या, डीडीआर४ ३२००. या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे ड्युअल चॅनलचा, म्हणजे दोन स्टिक एकत्र चालण्याचा, फरक खरंच जाणवतो. रॅमचे चार स्लॉट असतील तर शक्यतो प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरा, तरी मॅन्युअल बघाच. मदरबोर्ड बी४५० प्रकारचा असेल तर बायोस (बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) अपडेट करून मागा, नाहीतर जुन्या बायोसवर स्क्रीनवर काहीच येणार नाही. कूलर प्रोसेसरच्या बॉक्समध्ये येतो, वेगळा नको. वाचलेले पैसे एनव्हीएमई एसएसडीत (वेगवान स्टोरेज) घाला.