‘इतकं काही नव्हतं’ असं घरचेच म्हणतात

ताई, मी मूळची सांगलीकडची. लग्नानंतर इंग्लंडला आले. बर्मिंगहॅमजवळच्या एका सरकारी हॉस्पिटलात आयसीयूत सिस्टर आहे. कोविडच्या दोन्ही लाटांत तिथेच ड्यूटी केली आणि घरी येऊन त्यावर कधी एक शब्द बोलले नाही. 2024 च्या फेब्रुवारीत इथे आयटीव्हीवर ‘ब्रेथटेकिंग’ ही तीन भागांची मालिका लागली होती, कोविडच्या दिवसांतल्या हॉस्पिटलवर. तेव्हा मी ती टाळली. आता सासूबाई आल्या आहेत. एका रविवारी नवऱ्याने ती लावली. पहिल्याच भागात मास्क-गाऊनची धावपळ सुरू झाली आणि माझे हात गार पडले. उठून स्वयंपाकघरात गेले, नळ सोडून नुसती उभी राहिले. आतून नवऱ्याचा आवाज आला, ‘जरा जास्तच रंगवलंय. आपणही इथेच होतो की, इतकं काही नव्हतं.’ सासूबाई म्हणाल्या, ‘झालं ते झालं, आता कशाला उगाळायचं?’ त्यांचे धाकटे भाऊ 2021 च्या एप्रिलात मिरजेला कोविडनेच गेले, तरी त्या असं म्हणाल्या.

इथल्या मराठी सिस्टर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मालिकेचा विषय काढला. एकीने लिहिलं, खूप रडले. दुसरीने लिहिलं, ‘आमचे वॉर्ड तर रिकामे होते, आम्ही बसून होतो.’ मला इतका संताप आला की ग्रुपच सोडला. तेव्हापासून झोप नाही. कामावर मॉनिटरचा अलार्म वाजला की पोटात गोळा येतो. कधी कधी वाटतं, नको हे सगळं. नवरा वाईट नाही, पण त्याच्याशी बोलायची इच्छाच राहिलेली नाही. मी मनाला फार लावून घेते का? नोकरी सोडू का?

मैत्रिणी,

तुझ्या पत्रात ‘नको हे सगळं’ हे वाक्य घाईघाईने येऊन गेलंय. मी आधी तिथेच थांबते. त्याचा अर्थ ‘ही नोकरी नको’ एवढाच असेल तर पुढचं सावकाश वाच. पण जगणंच नकोसं वाटतंय असा त्याचा अर्थ असेल, एखाद्या रात्रीपुरता का होईना, तर पत्र बाजूला ठेव आणि 116 123 या नंबरवर समॅरिटन्स या मदतसंस्थेला फोन कर. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, नाव सांगावं लागत नाही. त्याच रात्री नवऱ्यालाही उठव. (भारतातून हे वाचणाऱ्यांसाठी सरकारची टेलिमानस सेवा आहे, नंबर 14416. तिथे मराठीत बोलता येतं.)

आता तुझा प्रश्न. नाही, तू मनाला फार लावून घेत नाहीस. किंग्ज कॉलेज लंडनच्या संशोधकांनी 2020 च्या जून-जुलैत इंग्लंडमधल्या नऊ आयसीयूंतल्या 709 कर्मचाऱ्यांना प्रश्नावली दिली होती. त्यातल्या 45 टक्के लोकांमध्ये गंभीर नैराश्य, तीव्र चिंता, पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) किंवा दारूची समस्या यांपैकी निदान एकाचा संशय घ्यावा इतकी लक्षणं निघाली. पीटीएसडीचा आकडा 40 टक्के होता, आणि सिस्टर्सना डॉक्टरांपेक्षा जास्त त्रास होता. ही पाहणी पहिली लाट ओसरतानाची आहे, दुसरी अजून यायची होती. तू दोन्ही काढल्यास. हात गार पडणं, उठून जावंसं वाटणं, अलार्मला दचकणं, झोप न लागणं, आणि ज्यांच्याशी बोलायला हवं त्यांच्याशीच बोलणं नकोसं होणं, ही सगळी एकाच दुखण्याची लक्षणं असू शकतात. निदान करणारी मी कोण, पण कुणीतरी ते करायला हवं, आणि लवकर. असा त्रास वर्षांनीही वर येतो. तुझ्या बाबतीत एका मालिकेने तो वर काढला, एवढंच.

मालिका रंगवलेली आहे का? नाट्य आहे, त्यात रचना असणारच. पण ती लिहिणारे कोण आहेत ते तुझ्या नवऱ्याला ठाऊक नसावं. रेचल क्लार्क या गंभीर आजारी आणि अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या डॉक्टर. साथीत रात्री झोप लागेना म्हणून त्या लिहीत गेल्या, त्याचं पुस्तक झालं आणि पुस्तकाची मालिका. त्यांच्यासोबत लिहिणारे जेड मर्क्युरिओ आणि प्रसन्न पुवनराजा हे दोघंही पूर्वी डॉक्टरकी केलेले. मालिकेत सरकारच्या खऱ्या पत्रकार परिषदांची दृश्यं मध्ये मध्ये पेरली आहेत. वर नेते सांगताहेत सगळं आटोक्यात आहे, आणि खाली वॉर्डात साधा मास्क लावून लोक काम करताहेत. मला तर वाटतं, मालिकेने हात राखूनच दाखवलंय. ब्रिटनच्या कोविड चौकशी आयोगापुढे 2024 च्या सप्टेंबरात डॉ. केविन फाँग यांची साक्ष झाली. साथीत ते एनएचएस इंग्लंडच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, वतीने आयसीयूंना भेटी देत फिरले होते. एका ठिकाणी मृतदेहांच्या पिशव्या संपल्या आणि सिस्टर्सच्या हाती लांब पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्या आणि बांधायला केबल टाय दिले गेले, हे सांगताना त्यांना रडू आवरत नव्हतं. हे टीव्हीवर कुणी दाखवलं असतं तर लोक म्हणाले असते, लेखकाने कमाल केली.

आणि तरीही तुझ्या ग्रुपवरची ती मुलगी कदाचित खोटं बोलत नसेल.

हे वाचून राग येईल, पण वाच. 2020 च्या त्या वसंतात तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया सगळीकडे पुढे ढकलल्या होत्या. लोक हॉस्पिटलची पायरी चढायला घाबरत होते. 2020 च्या एप्रिलात इंग्लंडमधल्या अपघात विभागांत आदल्या एप्रिलच्या निम्म्याहूनही कमी माणसं आली. म्हणजे एकाच इमारतीत एक मजला सुनसान, आणि दुसऱ्या मजल्यावर जिथे एका सिस्टरकडे एकच व्हेंटिलेटरचा पेशंट असायचा, तिथे चार-चार. ती सुनसान मजल्यावर होती. तिने तिचं खरं सांगितलं. चूक एवढीच की आपला मजला म्हणजेच हॉस्पिटल असं ती धरून चालली. तुला तिचं वाक्य इतकं का झोंबलं तेही मला समजतं. 2020 च्या 31 डिसेंबरच्या रात्री, दुसरी लाट चढत असताना, लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलबाहेर जमाव ‘कोविड थोतांड आहे’ म्हणून ओरडत होता. रिकाम्या कॉरिडॉरचे व्हिडिओ पुरावा म्हणून फिरत होते. तुला तिच्या वाक्यात तो जमाव ऐकू आला. ती त्या जमावातली नाही. ग्रुपवर परत जायची घाई नको, पण तिला मनातून त्या लोकांच्या रांगेतून बाहेर काढ.

आता नवरा. तो म्हणतो, मीही इथेच होतो. खरंच आहे, पण तो कुठे होता? घरात. त्याला काय दिसलं? संध्याकाळचे आकडे, आणि गुरुवारी रात्री आठ वाजता दारात उभं राहून वाजवलेल्या टाळ्या. वॉर्ड घरच्यांना बंद होते, अनेकदा मरणाऱ्याच्या बायकोलासुद्धा. तुझ्या गाऊनवर तुझं नाव मार्करने लिहिलेलं असायचं, कारण मास्कच्या आत कोण आहे ते तुमचं तुम्हालाही ओळखू येत नसे. त्याने ते कधी पाहिलं नाही. टॅबलेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो पेशंटच्या कानाशी धरायचा आणि पलीकडून घरच्यांचं बोलणं संपेपर्यंत हात हलू द्यायचा नाही, हे काम त्या दिवसांत तुझ्यासारख्या कितीजणींनी केलं. ते त्याला कोण सांगणार होतं? घरातलं एकच माणूस होतं ज्याला हे माहीत होतं, आणि ते गप्प राहिलं. तुझ्या गप्प बसण्याला मी दोष देत नाही. बारा तासांच्या ड्यूटीनंतर कुणाला बोलायला सुचतं? पण तू गप्प राहिलीस म्हणून त्याच्या डोक्यात त्या काळाचं दुसरंच चित्र तयार झालं, आणि ते त्याला सोसवणारं आहे. त्या चित्रात त्याची बायको रोज कामावर जाते आणि रोज परत येते. मालिका खरी मानली तर त्याला हेही मानावं लागतं की त्याच काळात ती परत न येण्याचीही शक्यता होती. या देशात कोविडने सुरुवातीला गेलेले दहाच्या दहा डॉक्टर परदेशी वंशाचे किंवा अल्पसंख्याक समाजांतले होते. ही बातमी तेव्हा त्यानेही वाचली असणार. ‘इतकं काही नव्हतं’ म्हणणाऱ्या माणसाला ते तितकंच होतं याची अनेकदा पुरती कल्पना असते, असा माझा इतक्या पत्रांवरून झालेला समज आहे.

म्हणून मालिका त्याला पुन्हा दाखवू नकोस. फाँग यांची साक्ष छापून त्याच्यापुढे टाकू नकोस. त्याने तू वाद जिंकशील, पण नवरा तिथेच राहील. मालिकेतली नायिका डॉक्टर आहे, तिची रात्र तुझी रात्र नव्हे. त्याला तुझी एक रात्र सांग. एकच. सगळ्यात भयानक असलेली नव्हे, त्याच्या आधीची एखादी, जी सांगताना तुझा श्वास अडकणार नाही. घरात सांगू नकोस, गाडीत किंवा चालता चालता सांग. समोरासमोर बसून हे जड जातं. सुरुवातीलाच सांगून टाक की मला सल्ला नको, शेवटपर्यंत ऐक. आणि सांगून झालं की त्याला विचार, त्या दिवसांत मी ड्यूटीवर असताना तू घरात काय करत होतास? मुलाबाळांचं तू काही लिहिलेलं नाहीस, पण कुणीतरी स्वयंपाक केला असेल, दाराशी ठेवलेल्या कपड्यांची पिशवी मशीनला लावली असेल, रात्री दोनला फोन उचलून बघितला असेल. त्याने ते साथीचे दिवस कसे काढले, तेही कुणी ऐकलेलं नाही.

सासूबाईंबद्दल तू एक ओळ लिहिलीस आणि पुढे गेलीस, पण मला ती ओळ सोडवेना. सख्खा धाकटा भाऊ. 2021 चा एप्रिल, मिरज. तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं ते सांगायला नको. बेडसाठी रात्रभर फोन, ऑक्सिजनसाठी धावाधाव, आणि शेवटी अंत्यसंस्कार परस्पर, घरच्यांना लांबूनच हात जोडायचे. त्या बाईने भावाचं तोंडही पाहिलं नसेल. त्या मालिकेसमोर बसल्या तेव्हा त्यांना इंग्लंडचं हॉस्पिटल दिसत होतं असं तुला वाटतं का? त्यांचं ‘कशाला उगाळायचं’ तुझ्यासाठी नव्हतंच, असं मला वाटतं. त्यांच्या भावाजवळ शेवटी जे कुणी होतं ते एखादी सिस्टरच असणार, अनोळखी, किटमध्ये गुंडाळलेली. आणि तशीच एक सिस्टर आज त्यांच्या घरात सून आहे. त्यांना विचारायचं असेल, की शेवटी माणसाला कळतं का, दुखतं का, एकटं वाटतं का, कुणी हात धरतं का. सुनेला हे कसं विचारायचं म्हणून गप्प असतील. दुपारी चहाच्या वेळी दोघीच असताना तू फक्त एवढं म्हण, ‘आई, मामांचं तुम्ही कधी बोलत नाही.’ पुढचं त्या ठरवतील. नाही बोलल्या तर नाही. पण या घरात तुझं सगळ्यात आधी कुणाला समजेल असं मला विचारशील, तर मी सासूबाईंचं नाव घेईन.

हे सगळं झालं घरचं. उपचाराच्या जागी ते चालणार नाही. इंग्लंडमध्ये एनएचएसची टॉकिंग थेरपीज ही बोलण्यातून उपचार करणारी सेवा आहे, तिथे जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, चिठ्ठीशिवाय स्वतःच नाव नोंदवता येतं. नोंदवताना ‘ताण आहे’ असं मोघम लिहू नकोस. ‘कोविडमध्ये आयसीयूत होते, त्या आठवणी येतात, झोप नाही’ असं स्पष्ट लिही. पीटीएसडीचं निदान झालं तर ट्रॉमावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणींवर काम करणारी थेरपी) हे उपचार तिथल्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांतच आहेत. अशी सीबीटी साधारण आठ ते बारा बैठकांची असते, जन्मभर चालणारी नव्हे. कर्मचाऱ्यांसाठी 2021 मध्ये उघडलेली खास मानसिक आरोग्य केंद्रं 2023 मध्ये त्यांना वरून मिळणारा सरकारी निधी थांबल्यावर बऱ्याच ठिकाणी बंद पडली. हे मला अतिशय चीड आणणारं वाटतं, कारण तुझ्यासारख्यांचा त्रास तेव्हा कुठे वर यायला लागला होता. तरी तुमच्या हॉस्पिटलच्या ऑक्युपेशनल हेल्थकडे, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विभागाकडे, विचारून बघ. आणि ‘सांगितलं तर रजिस्ट्रेशनवर गदा येईल’ ही भीती काढून टाक. उपचार घेणाऱ्या सिस्टरचं रजिस्ट्रेशन उपचार घेतले म्हणून जात नाही.

नोकरीचा निर्णय आत्ता घेऊ नकोस. झोप नसलेल्या माणसाने राजीनामा लिहू नये. उपचार सुरू असेपर्यंत आयसीयूतून तात्पुरती बदली मागता येते का ते मॅनेजरला विचार. ओपीडी चालेल, जिथे ते अलार्म नाहीत अशी कुठलीही जागा चालेल. उपचार संपल्यावरही आयसीयू नको वाटलं, तर खुशाल सोड. तू तिथे पुरेसं केलं आहेस.

या आठवड्यात नाव नोंदव, आणि पहिली भेट कधीची मिळाली ते मला कळव.

तुझी ताई