‘चोच मोठी केली’ की ‘चोच मोठी झाली’?

प्रश्न असा आहे : एका अनुवादात ‘दुष्काळात जगता यावे म्हणून फिंच पक्ष्यांनी आपली चोच मोठी केली’ असे वाक्य आले. ते तपासणाऱ्याने बदलून ‘पक्ष्यांनी मोठी चोच उत्क्रांत केली’ असे केले. यातले बरोबर कोणते? आणि फिंचच्या (म्हणजे दाणे टिपणाऱ्या एका लहान पक्ष्याच्या) ‘जाती’ लिहायचे की ‘प्रजाती’?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर : दोन्ही वाक्ये चूक. दुसरे जरा जास्तच, कारण शास्त्रीय शब्दाच्या पांघरुणाखाली चूक झाकली जाते. ‘उत्क्रांत करणे’ हे क्रियापद मराठीत घडवायचे कारणच नाही. उत्क्रांती होते; कोणी ती करत नाही.

मुळात घडले काय ते पाहू. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्नी मेजर या चिमुकल्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य १९७३पासून मध्यम भू-फिंच या पक्ष्याचा अभ्यास करत होते. पक्षी पकडायचा, पायात रंगीत कडी अडकवायची, चोचीची लांबी-रुंदी-जाडी मोजायची आणि सोडून द्यायचा. १९७७ साली पाऊस जवळजवळ पडलाच नाही. मऊ, बारीक बिया पक्ष्यांनी आधी फस्त केल्या. उरली ती मुख्यतः सराट्याच्या भाऊबंदांपैकी एका वनस्पतीची टणक, काटेरी फळे. ती फोडायला जाड चोच लागते. त्या दुष्काळात या पक्ष्यांची संख्या सुमारे ८५ टक्क्यांनी घटली. जे उरले त्यांच्या चोचीची सरासरी जाडी आधीच्या सरासरीपेक्षा साधारण अर्ध्या मिलिमीटरने जास्त भरली. चोचीची जाडी बरीचशी आईबापांकडून येते, म्हणून पुढच्या वर्षी जन्मलेल्या पिलांची सरासरीही १९७६च्या पक्ष्यांपेक्षा जास्त निघाली.

आता मूळ वाक्य पुन्हा वाचा. एकाही पक्ष्याची चोच दुष्काळामुळे वाढलेली नाही. बारीक चोचीचा पक्षी बारीक चोचीनिशीच मेला. बदलली ती सरासरी. म्हणून वाक्य असे हवे : ‘दुष्काळात जाड चोचीचे पक्षी अधिक संख्येने तगले आणि पुढच्या पिढीत चोचीची सरासरी जाडी वाढली.’ यात ‘म्हणून’ गेले, ‘आपली’ गेले, ‘पक्ष्यांनी’मधला ‘नी’ गेला. खरा घोटाळा या तिघांचा आहे. ‘साठी’ आणि ‘म्हणून’ हेतू दाखवतात, तर ‘नी’ कर्त्याला हातात हत्यार घेऊन उभा करतो. काही तगतात, काही मरतात आणि तगलेल्यांचे गुण पुढे जातात, या नैसर्गिक निवडीत हेतूही नाही आणि असा कर्ताही नाही. जिथे ‘साठी’ सुचेल तिथे ‘मुळे’ बसते का ते पाहावे. बसले नाही, तर वाक्य मुळापासून नव्याने लिहावे.

‘जुळवून घेतले’ या क्रियापदावर मात्र सरसकट काट मारू नका. सपाटीवरचा माणूस उंच पर्वतावर राहायला गेला की काही आठवड्यांत त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात आणि तो खाली आला की पुन्हा कमी होतात. हे त्या एका शरीराने खरोखरच जुळवून घेणे आहे. तिबेटी लोकांचे वेगळे. त्यांच्यात एका जनुकाचे विशिष्ट रूप फार मोठ्या प्रमाणात आढळते आणि त्यामुळे चार हजार मीटरवरही त्यांचे हिमोग्लोबिन बेसुमार चढत नाही. हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून आले आहे, मुलांकडे जाते आणि डोंगर उतरल्याने पुसले जात नाही. याला ‘अनुकूलन’ म्हणावे. पर्वत तोच, पण शब्द दोन लागतात.

याच जातीची आणखी एक चूक बोलण्यात रुळली आहे : ‘जीवाणूंना औषधाची सवय झाली.’ सवय व्हायला आधी औषधाशी गाठ पडावी लागते. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी १९५२मध्ये हे फार साध्या युक्तीने तपासले. जीवाणू वाढवलेल्या बशीवर मखमल गुंडाळलेला ठोकळा हलकेच टेकवायचा आणि तोच ठोकळा, शिक्क्यासारखा, औषध मिसळलेल्या बशांवर उमटवायचा. बशीच्या कडेला खूण हवी. बशी जरा फिरली की कोणता ठिपका, म्हणजे जीवाणूंची वसाहत, कुठला ते कळेनासे होते. औषधाच्या बशांवर जे थोडे ठिपके वाढले, ते सगळ्या बशांवर त्याच त्याच जागी होते. सवय बशीत गेल्यावर लागत असती, तर ठिपके प्रत्येक बशीत वेगळ्या जागी उमटले असते. मग मूळ बशीतली तीच जागा खरवडून तिथले जीवाणू वाढवायचे आणि पुन्हा ठसा घ्यायचा. असे काही वेळा केले की औषधाचे तोंडही न पाहिलेला, तरी औषधाला न जुमानणारा वाण हाती लागतो. म्हणजे बदल आधीच होऊन गेला होता, औषधाने फक्त बाकीचे मारले. तेव्हा ‘औषधाला न जुमानणाऱ्या जीवाणूंचे प्रमाण वाढले’ असे लिहावे.

‘उत्क्रांती’ या शब्दाचाही थोडा दोष आहे. उत् म्हणजे वर आणि क्रम् म्हणजे पाऊल टाकणे. ब्रह्मसूत्रांत ‘उत्क्रान्ति’ येते ती जीव शरीर सोडून जातो या अर्थाने. आजचा अर्थ आपण नंतर चढवला. चढवताना ‘वर’ तेवढे चिकटून राहिले, आणि मग ‘अधिक उत्क्रांत प्राणी’ असले प्रयोग सुरू झाले. आज जिवंत असलेला प्रत्येक जीव तेवढ्याच काळाच्या वंशपरंपरेतून आला आहे, मग अधिक कोण? डॅफ्नीवरच १९८२-८३च्या एल निनोत, म्हणजे पॅसिफिकचे पाणी तापून हवामान पालटते त्या काळात, धो धो पाऊस पडला, बारीक बियांचे पेव फुटले आणि पुढच्या कोरड्या काळात लहान चोचीचे पक्षी सरस ठरले. दिशा उलटली. याला ‘अवक्रांती’ म्हणायचे का? अर्थातच नाही. बंगालीत ‘विवर्तन’ म्हणतात, आणि त्यात चढ-उतार काहीच नाही म्हणून मला तो शब्द अधिक नेमका वाटतो. पण रुळलेला शब्द बदलायच्या फंदात पडू नये. खुद्द डार्विनच्या १८५९च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ हा शब्द नाही; ‘इव्हॉल्व्ह्ड’ तेवढा आहे, तोही ग्रंथाचा अगदी शेवटचा शब्द म्हणून.

नैसर्गिक निवडीला ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण जोडू नका. १९७७मध्ये प्रश्न कान पिळण्याचा नव्हता, फळ फोडण्याचा होता.

आता जाती-प्रजाती. मराठीतल्या वर्गीकरणाची उतरंड अशी : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे ‘जीनस’ला प्रजाती आणि ‘स्पीशीज’ला जाती. वाघ पँथेरा टायग्रिस, सिंह पँथेरा लिओ. प्रजाती एक, जाती दोन. हिंदीत मात्र जीनसला ‘वंश’ म्हणतात आणि स्पीशीजला सर्रास ‘प्रजाति’. तो वापर बातम्यांतून मराठीत शिरला. परिणामी ‘बेडकाची नवी प्रजाती सापडली’ हे वाचून नेमके काय सापडले ते कळत नाही, कारण नवी प्रजाती सापडणे ही कितीतरी मोठी बातमी आहे. मध्यम भू-फिंच आणि मोठा भू-फिंच हे दोघेही जिओस्पिझा, तेव्हा अनुवादात ‘जाती’च हवे. समाजातल्या जातीशी गल्लत होईल असे वाटले तर ‘जीवजाती’ लिहावे. उलट बाजूने सांभाळायचे ते ‘कुत्र्यांच्या जाती’ म्हणताना. बोलण्यात चालेल, पण सगळे पाळीव कुत्रे जीवशास्त्राच्या लेखी एकाच जातीचे, त्यामुळे उत्क्रांतीवरच्या मजकुरात तिथे ‘वाण’ बरा.

जाता जाता शुद्धलेखन : सुटा शब्द ‘उत्क्रांती’ दीर्घ, पण समासात ‘उत्क्रांतिवाद’ ऱ्हस्व. दिलेल्या अनुवादात तो दोनदा दीर्घ पडला आहे.