ड्वार्फ हॅम्स्टरला दुमजली पिंजरा घेऊ का?

तुमचा प्रश्न असा: मुलीसाठी ड्वार्फ, म्हणजे छोट्या जातीचा, हॅम्स्टर आणायचा आहे, त्याला ३५ बाय २५ सेंटीमीटरचा दुमजली पिंजरा पुरेल का, आणि त्यात जोडी राहील का? थोडक्यात उत्तर: तो दुमजली, रंगीत, नळ्यांचा पिंजरा घेऊ नका. ‘एवढ्याशा जिवाला हा पुष्कळ झाला’ असं दुकानदार म्हणाला असेल, सगळेच म्हणतात. पण तुम्ही दिलेल्या ३५ बाय २५ सेंटीमीटर मापाने त्याचा तळ ८७५ चौरस सेंटीमीटर भरतो. त्यावर ए-फोरचे दोन कागदसुद्धा शेजारी-शेजारी मावणार नाहीत. वरचा मजला धरू नका. हॅम्स्टरला दूरचं नीट दिसत नाही आणि उंचीचा अंदाज येत नाही, त्यामुळे तो वरून सरळ खाली पडतो.

जर्मनीत प्राणिकल्याणासाठी काम करणाऱ्या पशुवैद्यांची एक संघटना आहे, टीव्हीटी. तिची शिफारस किमान १०० × ५० × ५० सेंटीमीटरची आहे, म्हणजे ५००० चौरस सेंटीमीटर तळ आणि त्यात बिळं खणायला निदान २० सेंटीमीटर भुसा. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये हे माप ऐकून लोक हसतात. पण कपाटाखाली, टीपॉयवर किंवा ऊन न येणाऱ्या खिडकीच्या कट्ट्यावर मीटरभर जागा बहुतेक घरांत निघते, शोधायची तयारी हवी. अगदीच नाही निघाली तर ८० × ५० वर या, त्याखाली उतरू नका.

आता ‘ड्वार्फ’ म्हणजे नेमका कोणता, ते आधी बघा. या एकाच नावाखाली कॅम्पबेल, विंटर व्हाइट, या दोघांचा संकर आणि रोबोरोव्स्की असे सगळे विकले जातात. रोबो ओळखायला सोपा: अंगठ्याएवढा, वजन २०-२५ ग्रॅम, डोळ्यांवर पांढऱ्या भुवया. तो मूळचा मंगोलिया आणि उत्तर चीनच्या वाळवंटी पट्ट्यातला. दाणे शोधत रात्रभर पळणं हेच त्याचं आयुष्य. म्हणजे सगळ्यांत छोटा हॅम्स्टर सगळ्यांत जास्त पळतो, आणि दुकानात नेमका त्यालाच सगळ्यांत छोटा पिंजरा दाखवतात.

रोबोच्या बाबतीत गजांचाही प्रश्न असतो. मोठ्या सिरियन हॅम्स्टरच्या पिंजऱ्यात दोन गजांमध्ये सेंटीमीटरभर फट असते. डोकं आत गेलं की रोबो अख्खा बाहेर. ड्वार्फसाठी ही फट ६-७ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. दुकानात जाताना फुटपट्टी न्या, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

भुशाच्या खोलीकडे लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या संशोधकांनी सोनेरी, म्हणजे सिरियनच, हॅम्स्टरना १०, ४० आणि ८० सेंटीमीटर भुशात ठेवून पाहिलं होतं. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. १० सेंटीमीटरवाले प्राणी बाकीच्यांपेक्षा बरेच जास्त गज कुरतडत होते. प्रयोग ड्वार्फवर नव्हता, पण ड्वार्फही बिळात राहणारेच. गज कुरतडणाऱ्या हॅम्स्टरला ‘खेळतोय’ म्हणून व्हिडिओ काढणारे मी खूप पाहिलेत. तो खेळत नसतो. गजांच्या पिंजऱ्याचा प्लास्टिकचा तळ बहुधा चार बोटं खोल असतो, त्यात भुसा भरणार किती? म्हणून मी गजांचा पिंजरा सुचवतच नाही.

मग घ्यायचं काय? माझी पहिली पसंती गळक्या मत्स्यटाकीला. मासे विकणाऱ्या दुकानात चार फुटी जुनी टाकी गळायला लागली की ती माशांच्या कामाची राहत नाही. मालक ती कमी भावात द्यायला तयार असतो, विचारायचं मात्र आपण. चार फूट बाय दीड फूट म्हणजे साधारण १२० × ४५, तळ ५४०० चौरस सेंटीमीटर. हॅम्स्टरला गळतीचं काय! कडा तुटलेल्या नाहीत एवढं पाहा. झाकण काचेचं अजिबात नको. लाकडी चौकट करून तिच्यावर बारीक चौकोनांची लोखंडी जाळी ठोकून घ्या. डासांची नायलॉन जाळी तो एका रात्रीत कुरतडतो.

दुसरा पर्याय, कपडे ठेवायचा मोठा पारदर्शक प्लास्टिकचा डबा. ‘५० लिटरचा घेतला, चालेल ना?’ असं विचारतात. लिटर बघू नका, तळाची लांबी-रुंदी मोजा. बाजूला आणि झाकणात मोठ्या खिडक्या कापून तीच जाळी नटबोल्ट आणि वॉशरने बसवायची. कापलेल्या कडा आतून जाळीखाली झाकल्या पाहिजेत, नाहीतर तिथूनच कुरतडायला सुरुवात होते.

या दोन्हींतून निवड हवेवर ठरते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत मला जाळीच्या खिडक्यांचा डबा बरा वाटतो, कारण काचेच्या टाकीत वारा फक्त वरून येतो. पुणे-नाशिककडे टाकी उत्तम. हॅम्स्टरला साधारण १८ ते २४ अंश तापमान मानवतं आणि तिशीच्या वर उष्माघाताची भीती असते. विदर्भात उन्हाळ्यात दिवसभर एसीची खोली देता येणार नसेल, तर पिंजऱ्याचा विचार बाजूला ठेवा आणि हॅम्स्टरच आणू नका, असं मी स्पष्ट सांगेन. कूलरची ओली हवा थेट त्याच्यावर सोडणं हा उपाय नव्हे. इतर ठिकाणी ऊन कधीच न येणारा कोपरा निवडा आणि आत एखादं कौल किंवा मडक्याची मोठी खापरी ठेवा. दुपारी तो आपणहून तिच्यावर जाऊन पसरतो.

भुसा सुताराकडून फुकट मिळतो, पण आणू नका. त्यात प्लायवुड आणि एमडीएफचा डिंकाळ भुगा असतो. भुसा म्हणून कागदाचं किंवा ॲस्पेन लाकडाचं तयार बेडिंग (तळाशी पसरायचा थर) घ्या, घरट्यासाठी साधा टिश्यू पेपर फाडून टाका. कापसासारखं मऊ ‘बेडिंग’ मिळतं, ते टाळा. त्याचे धागे पायाला गुंडाळतात आणि पोटात गेले तर अडकतात. पावसाळ्यात भुसा ओला झाला, पुरून ठेवलेल्या दाण्यांना बुरशी आली की तेवढाच भाग काढा. दर आठवड्याला सगळं धुऊन लख्ख करायची हौस आपली असते, त्याला स्वतःचा वास हवा असतो. जुना कोरडा भुसा थोडा तरी मागे राहू द्या.

दाणे आहेत म्हणजे मुंग्या येणारच. टाकी चार पायांच्या टेबलावर, भिंतीपासून सुटी ठेवा आणि आजीच्या दुधाच्या कपाटासारख्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. मुंग्यांचा खडू जवळपासही ओढू नका, ते कीटकनाशक आहे.

चाक पिंजऱ्यासोबत मिळतं ते टाकून द्या. कॅम्पबेल आणि विंटर व्हाइटला २० सेंटीमीटर व्यासाचं चाक लागतं, रोबोचं १६ मध्येही भागतं. पळायची पट्टी सलग हवी, दांड्यांची नको, त्यांत पाय अडकतो. पळताना पाठ वाकत असेल तर चाक छोटं आहे. ते भुशावर ठेवू नका, खालून बीळ खणलं की कलंडतं. छोट्या लाकडी पाटावर ठेवा. चाकाइतकाच रोजचा वापर बारीक वाळूच्या बशीचा होतो, विशेषतः रोबोला. पावडर नको, ती श्वासात जाते.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, ‘जोडी घेतली तर याच पिंजऱ्यात राहतील ना?’ दुकानातली पिल्लं एकमेकांवर झोपलेली दिसतात म्हणून तसं वाटतं. वयात आल्यावर ड्वार्फही भांडतात, कधी रक्त निघेपर्यंत. शिवाय ‘दोन्ही माद्याच आहेत’ हे दुकानदाराचं म्हणणं तपासून घेतलेलं नसतं आणि ड्वार्फची मादी साधारण तीन आठवड्यांत विते. मुलीला सांगा, एकच आणायचा. दोन आणायचेच असतील तर दुसरी टाकी किंवा डबा, दुसरं चाक आणि दुसरी पाण्याची बाटली त्याच दिवशी तयार ठेवा. भांडण रात्री होतं आणि रात्री दुकानं बंद असतात.